कारळे सगळे काळेच दिसतात, मग वाण वेगळे कसे ओळखायचे?

नाचणीकाठ
२ नोव्हेंबर, रात्री ९.१०

माझं माहेर भुदरगड तालुक्यात, घाटाच्या अंगाला. सध्या कोल्हापुरात राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. लहानपणी आमच्या नाचणीला चारी बाजूंनी कारळ्याची कड असायची. दसऱ्याच्या सुमारास ती पिवळीधमक व्हायची आणि तिथून जाताना मधमाश्यांचा आवाज बांधावरूनही ऐकू यायचा. आता गावात अशी कड पाच-सहा घरांकडेच उरली आहे. बाकी सगळीकडे ऊस नाहीतर सोयाबीन. त्या पाच-सहा घरांतली म्हातारी माणसं थकली की बी पण जाणार, हे दिसत होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी पुड्या गोळा करायला सुरुवात केली.

भुदरगड, आजरा, चंदगड, राधानगरी आणि गगनबावडा या पाच तालुक्यांतून आत्तापर्यंत ३१ पुड्या जमल्या. कारळ्याच्या १४, गावठी तिळाच्या ९ आणि भुईमुगाच्या ८. प्रत्येक पुडीवर गाव, जमिनीचा प्रकार, बी किती वर्षं घरचं आहे आणि घरात त्याला काय म्हणतात, हे लिहिलं.

या खरिपात वडिलांच्या वीस गुंठ्यांत सगळ्या पुड्या शेजारीशेजारी लावल्या. जांभ्याच्या तांबड्या वरकस जमिनीत झाड मांडीएवढं आणि ओढ्याकाठी छातीएवढं वाढलं, तर तो फरक बियाण्याचा की मातीचा, हे गावोगाव फिरून कळत नाही. एकच माती, प्रत्येक पिकाला पेरणीचा एकच दिवस, एकच अंतर, असं केलं. प्रत्येक पुडीतली दहा झाडं मोजली. उंची, फांद्या, फुलायला लागलेले दिवस, झाडावरची बोंडं, बोंडातले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन. वडील मोजायचे, मी लिहायचे.

भुईमुगात काही अडचण आली नाही. एक वेल जमिनीला चिकटून पसरतो, दुसरा ताठ उभा. एकाच्या दाण्याची साल फिकट गुलाबी, दुसऱ्याची लालभडक, एकाची जांभळट. शेंगेत दोन दाणे, तीन दाणे, टरफलावर खोल जाळी किंवा जवळजवळ गुळगुळीत. बहुतेक पुड्या नुसत्या बघूनच वेगळ्या करता येतील.

तिळातही बऱ्यापैकी कळतं. पांढरा, काळा, तपकिरी दाणा. काही पुड्यांत पानाच्या बेचक्यात एकच बोंड, काहींत तीन. काही खोडांवर दाट लव. एका पुडीत तर आडवं कापल्यावर आठ कप्प्यांची बोंडं निघाली, नेहमी चार असतात.

कारळ्यानं मात्र मला रडवलं. चौदाही पुड्यांतला दाणा काळा, चकचकीत, सारखाच. शेतात बघावं तर एकाच पुडीतलं एक झाड कमरेएवढं आणि शेजारचं खांद्याला लागणारं. एकाचं खोड हिरवं, एकाचं जांभळट. एका पुडीच्या आत जेवढा फरक, तेवढाच दोन पुड्यांमध्ये. मग मी वाण कशाला म्हणायचं?

अजून एक सांगायचं आहे. आजऱ्याच्या पुडीतलं एक झाड फार देखणं होतं, भरपूर फांद्या आणि खच्चून फुलं. त्याचं बी शुद्ध राहावं म्हणून कळ्या असतानाच पूर्ण झाडावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधली. परवा ती सोडली. बोंडं वाळून तपकिरी झाली होती, बाहेरून अगदी चांगली. एक तळहातावर चोळलं, फुंकर मारली, सगळं उडून गेलं. दुसरं, तिसरं, दहावं. पूर्ण झाडावर सात दाणे मिळाले, तेही निम्मे पोचट. शेजारच्या उघड्या झाडाच्या एकेका बोंडात वीस-पंचवीस दाणे होते. शिकवताना मी स्वतः फळ्यावर लिहिते की कारळ्याला स्वपराग चालत नाही. तरी शेतात ते मला आठवलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

तर तीन प्रश्न आहेत. कारळ्याचं वैविध्य मोजायचं कसं? डीएनए तपासणीनं खरंच काही कळेल का? आणि मोजणीनंतर निघालेलं बी आता पुड्या करून इच्छुकांना वाटायचं आहे, तर कोणाला हवं आहे का?

---

कागलचा_शेंगवाला
२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई, लै मोठं काम काढलंय तुम्ही. भुईमुगाचं मला ठावं हाय तेवढं सांगतो.

आमच्याकडं आजोबांच्या वेळेला पसऱ्या शेंग असायची. चार-साडेचार म्हैनं रानात. काढणीला जीव जायचा, कारण शेंगा सगळ्या वेलाच्या अंगभर, कुदळीनं खणून काढायला लागायच्या. उपट्या आला आणि पसऱ्या गेला. उपट्याच्या शेंगा बुडाला झुपक्यात, धरला आणि उपटला की झालं. पण एक गोष्ट पसऱ्यात हुती ती उपट्यात न्हाई. काढणीला आल्यावर पाऊस लागला तर उपट्याच्या शेंगा जमिनीतच उगवून येत्यात. २०१९ च्या पुरानंतर आमची अर्धी शेंग तशीच मोडानं गेली. पसऱ्याचं बी आठ-आठ दिवस भिजलं तरी झोपलेलं असायचं.

तुमच्या आठ पुड्यांत पसऱ्या किती हायत? आणि पारख करताना एक बघा, मधल्या उभ्या खोडावर फूल येतंय का न्हाई. पसऱ्याला तिथं येत न्हाई, उपट्याला येतंय. आऱ्या, म्हंजी फुलाच्या जागेतनं जमिनीत शिरणाऱ्या सुया, सुटायच्या आधीच कळतंय.

आणि नावावर जाऊ नका. आमच्या गावात ज्या शेंगेला एक नाव, तिला गडहिंग्लजच्या बाजारात दुसरंच.

---

सातेरी
२ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी राधानगरी भागात मधपेट्या ठेवतो. ताई, तुमची मच्छरदाणी वाचून कळवळलो, पण त्या सात दाण्यांत तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. कारळ्याचं झाड स्वतःचा पराग ओळखून नाकारतं. प्रत्येक दाण्याला आई एक आणि बाप दुसराच कुणीतरी. म्हणजे एका बोंडातल्या वीस दाण्यांना दहा बाप असू शकतात. तुमच्या पुडीतली झाडं एकमेकांसारखी दिसणार कशी?

पण शेवटचा प्रश्न वाचून मला धास्ती बसली. चौदा पुड्या शेजारीशेजारी लावल्या, एका वेळी फुलल्या. आमची सातेरी माशी किलोमीटरभर सहज जाते, आग्या त्याहून लांब. तुमच्या वीस गुंठ्यांत तिला आजरा आणि गगनबावडा वेगळे कसे कळणार? त्या शेतातून निघालेलं कारळ्याचं बी सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. कृपा करून ते आजऱ्याचं, चंदगडचं अशी नावं घालून वाटू नका.

---

नाचणीकाठ
३ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

सातेरी दादा, रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागली नाही. तुमचं बरोबर आहे. मोजायसाठी शेजारीशेजारी लावणं गरजेचं होतं, पण त्याच शेतातलं बी पुढं न्यायचं नाही, हे दोन वेगळे उद्योग आहेत. मी ते एक केले.

आत्ताच डबे उघडून बघितले. चौदापैकी अकरा पुड्यांचं मूळ बी निम्मं शिल्लक आहे. तीन पुड्या लहान होत्या, मूठभरच, त्या मी सगळ्या पेरल्या. चंदगडच्या दोन आणि गगनबावड्याची एक. त्या घरांना पुन्हा गाठलं पाहिजे.

शेंगवाले दादा, आठात दोनच पसऱ्या. खोडावरच्या फुलाचं मी नोंदवलंच नव्हतं, पुढच्या वेळी नक्की.

---

डोंगरझरा
३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

वाचतोय. लिहीत राहा. आमच्या नाशिककडे याला खुरासणी म्हणतात. इगतपुरीच्या संशोधन केंद्रात या पिकावर बरंच काम होतं, तिथे जरूर विचारा.

---

पानाचा_अर्क
३ नोव्हेंबर, दुपारी २.१५

मी वनस्पतींच्या डीएनएवर काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

नाचणीकाठ, तुम्हाला डोळ्यांनी जे दिसलं, डीएनए त्याच्या बरोबर उलटं सांगेल, याची तयारी ठेवा.

भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. दोन रानटी जातींचा संकर झाला, त्या संकराचे गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले आणि ४० गुणसूत्रांचं आजचं पीक तयार झालं. ही घटना फार थोड्या वेळा घडली, कदाचित एकदाच. जगभरातला लागवडीचा भुईमूग त्या अरुंद दारातून आलेला आहे. वर तो स्वपरागी. त्यामुळे साल लाल असो की गुलाबी, वेल पसरो की उभा राहो, डीएनएच्या पातळीवर तुमच्या आठ पुड्या एकमेकींच्या फार जवळच्या निघतील. साध्या मार्करनी (मार्कर म्हणजे डीएनएमधल्या ओळखीच्या खुणा) तर काही पुड्या वेगळ्या दाखवताही येणार नाहीत. सालीचा रंग दोन-चार जनुकांवर बदलतो, पण डोळ्यात तोच भरतो.

कारळ्यात याच्या उलट. गुणसूत्रं ३०, मूळ इथिओपियाच्या पठारावरचं, भारतात फार जुन्या काळी आलेलं. परपरागी असल्यामुळे प्रत्येक झाड वेगळं. अशा पिकात बहुतेक सगळं वैविध्य एका गावाच्या पुडीच्या आतच असतं, दोन गावांमधला फरक त्या मानानं थोडा. तुम्हाला शेतात जे दिसलं आणि ज्यानं तुम्ही वैतागलात, ते अगदी खरं निरीक्षण होतं.

म्हणून नमुने घेण्याची पद्धत पिकागणिक बदलते. भुईमुगाच्या एका पुडीतली तीन-चार झाडं तपासली तरी चालतात. कारळ्यात एकेका झाडाचं पान वेगळं ठेवायचं. पैसे वाचवण्यासाठी दहा झाडांची पानं एकत्र वाटून एकच नमुना करतात. कारळ्यात तसं केलं तर जे मोजायला निघालो तेच खलबत्त्यात गेलं.

पद्धतींबद्दल थोडं. १९९० पासून आरएपीडी नावाची तपासणी फार चालली. डीएनएचे दहा अक्षरांचे छोटे तुकडे (प्रायमर) वापरायचे, स्वस्त, पिकाची आधी काही माहिती लागत नाही. पण निकाल म्हणून आज दिसलेल्या डीएनएच्या पट्ट्या दुसऱ्या प्रयोगशाळेत येतीलच याची खात्री नाही, आणि झाडाला आईकडून आणि बापाकडून वेगवेगळी प्रत मिळाली आहे का, हेही त्यात दिसत नाही. एसएसआर, म्हणजे डीएनएमधल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरचे मार्कर, त्यांत दोन्ही प्रती दिसतात. कारळ्यासाठी तेच हवं, कारण तिथे प्रत्येक झाडात दोन वेगळ्या प्रती असणं हाच मुद्दा आहे. तिळाचा पूर्ण जीनोम (सगळ्या डीएनएचा आराखडा) २०१४ मध्ये आणि लागवडीच्या भुईमुगाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे त्या दोन पिकांत मार्करची वानवा नाही.

तिळाचं एक दुखणं मात्र सांगून ठेवते. पान वाटलं की शेंबडासारखा बुळबुळीत चिकट पदार्थ सुटतो आणि डीएनए त्यातच अडकून बसतो. कोवळं, शेंड्याचं पान घ्या आणि तोडल्याबरोबर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत वाळवा.

---

पेठकरीण
३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.५०

मी शास्त्र शिकलेली नाही, पण तो बुळबुळीत पदार्थ मला चांगला माहीत आहे! माझी आजी तिळाची पानं पाण्यात चुरगाळून त्या पाण्यानं आमचे केस धुवायची. केस रेशमासारखे व्हायचे.

गं मुली, तुझ्या नोंदींत एक रकाना कमी आहे असं वाटतं. लोकांनी ते बी का ठेवलं, हे विचार. आमच्या घरी काळे तीळ वेगळे ठेवलेले असत, कारण पितृपक्षात तेच लागतात. संक्रांतीच्या वड्यांना पांढरे. तपकिरी तीळ तेलाला, त्यांना घाण्यावर तेल जास्त सुटतं असं आजी म्हणायची. काळा तीळ रानात कमी पिकला तरी तिनं मोडला नाही, कारण श्राद्धाला बाजारचा चालायचा नाही. उत्पन्नाकडे बघितलं असतं तर तो कधीच गेला असता.

कारळ्याचंही तेच. चटणीला सगळं कारळं सारखं नसतं. काही कारळी भाजली की खमंग वास घरभर सुटतो, काही नुसतीच कडवट लागतात. तुझ्या चौदा पुड्या चौदा वेळा भाजून बघ. मी येते मदतीला. कुटायचा दगडी खल माझ्याकडे आहे.

---

नाचणीकाठ
३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

काकू, रकाना आजच वाढवला. चटणीला तुम्ही नक्की या. शेतातल्या मिसळलेल्या बियांचं काय करायचं हा प्रश्न होताच, पण प्रत्येक दाण्याची आई तर माहीत आहे. कारळ्याचं टरफल आईचंच असतं, त्यामुळे वासाचा निदान काही भाग तरी आईकडचा मिळेल.

---

रोखठोक_शिरोळ
४ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी पूर्ण वेळ शेती करतो. कारळ्याचं एकरी उत्पन्न किती आणि त्याला भाव किती, हे सगळ्यांना माहीत आहे. विद्यापीठांनी सुधारित वाण दिले, तेलबियांत भुईमुगाच्या फुले प्रगतीपासून पुढे कितीतरी आले, त्यांनी लोकांचे संसार उभे राहिले. ज्या बियाण्याला शेतकऱ्यानं स्वतः सोडलं ते डब्यात जपून शेतकऱ्याला काय मिळणार? हा वेळ आणि कष्ट चांगल्या वाणाचं शुद्ध बियाणं गावात तयार करायला लावले तर जास्त उपयोग होईल.

---

पानाचा_अर्क
४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

रोखठोक, तुम्ही ज्या फुले प्रगतीचं नाव घेतलंत ती जेएल-२४. ती कशी आली? परदेशातून आणलेल्या एका नमुन्यातून जळगावला निवड करून. तो नमुनाही कुणीतरी जपलेल्या पुडीतूनच आला होता. भुईमुगावर टिक्का आणि तांबेरा पडतो, तुम्ही दरवर्षी बघत असाल. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या जीपीबीडी-४ या वाणात या दोन्ही रोगांविरुद्धची ताकद आहे आणि ती भुईमुगाच्या एका रानटी नातेवाइकाकडून आली. त्या रानटी वेलाचं उत्पन्न कुणी एकरी मोजलं असतं तर तो उपटून फेकला असता.

तिळाची बोंडं काढणीच्या आत तडकतात आणि माल जमिनीवर सांडतो. १९४३ मध्ये व्हेनेझुएलात लँगहॅम या संशोधकांना न तडकणाऱ्या बोंडांचं एक झाड सापडलं. एकच झाड. यंत्रानं काढता येणाऱ्या तिळाचं काम तिथून सुरू झालं.

शुद्ध बियाणं गावात तयार व्हावं हे तुमचं म्हणणं मलाही पटतं. पण सुधारित वाण करायला लागणारा कच्चा माल या पुड्यांतच असतो.

---

रोखठोक_शिरोळ
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

जीपीबीडी आमच्या भावकीत एकानं लावली होती, पाला शेवटपर्यंत हिरवा होता हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामागची गोष्ट माहीत नव्हती. ठीक आहे. तरी माझं म्हणणं राहतंच की जपणाऱ्या घराला काहीतरी मिळालं पाहिजे. नुसतं "जपा" म्हणून म्हातारीनं दहा गुंठे अडकवून ठेवायचे, हे बरोबर नाही.

---

नाचणीकाठ
४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

हे मलाही टोचतं, आणि यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर वाण नोंदवता येतो, त्याला फी पडत नाही. पण त्यासाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं. दोन पसऱ्या शेंगांचं ते दाखवता येईल असं वाटतं. कारळ्यासारख्या मिसळत्या पिकात "एकसारखा" हा शब्दच अडचणीचा आहे. आमच्या गावच्या कारळ्याचं सगळं मोल त्याच्या एकसारखं नसण्यात आहे.

म्हणून मी निदान एवढं करते की ज्या घरानं बी दिलं, त्या घराला पेरणीच्या वेळी तेवढंच बी परत आणि वर चटणीपुरतं कारळं.

---

हिशेबनीस
५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

आकड्यांकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे.

ताई, तुमच्या शेताला उतार आहे का? असणारच, भुदरगड म्हटल्यावर. प्रत्येक पुडीची एकच पट्टी लावली असेल तर वरच्या अंगाला पडलेल्या पुड्या बारीक आणि खालच्या अंगाच्या जोमदार दिसणार. हा फरक तुम्ही वाणाच्या नावावर लिहिला असणार. पुढच्या वर्षी शेताचे उताराला आडवे तीन भाग करा. प्रत्येक भागात सगळ्या पुड्या, पण क्रम चिठ्ठ्या टाकून. आणि प्रत्येक भागात माहितीचा एक सुधारित वाण लावा, तुलनेला.

दुसरं, उंची, फांद्या आणि बोंडं हे तीन वेगळे पुरावे धरू नका. उंच झाडाला फांद्या जास्त, फांद्या जास्त तर बोंडं जास्त. तोच फरक तीनदा मोजला जातो. यावरचा उपाय आपल्याच माणसानं दिला आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं अंतर. माणसांच्या डोक्याच्या मापांवरून समूह किती जवळचे किती लांबचे, या प्रश्नातून ते त्याकडे वळले. त्यात एकमेकांशी बांधलेल्या मापांचा दुहेरी हिशेब आपोआप वजा होतो. पीक पैदास करणारे आजही दूरचे पालक निवडायला ते वापरतात. पण ते सरासऱ्यांमधलं अंतर आहे. कारळ्यात पुडीच्या आतला फरक तुम्हाला वेगळा मांडावा लागेल, नाहीतर पानाचा_अर्क यांनी सांगितलेला खलबत्ता इथेही चालतो.

तिसरं, बी किती झाडांचं घ्यायचं. समजा पुडीत एखादं जनुकाचं रूप शंभर प्रतींत पाच वेळा येतं. रोगाशी लढणारं वगैरे, जे आपल्याला हरवायचं नाही. प्रत्येक झाडात दोन प्रती. दहा झाडं निवडली तर वीस प्रती झाल्या. त्या वीसांत ते रूप एकदाही न येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. तीन पुड्यांमागे एकीत तुम्ही ते कायमचं गमावलंत. तीस झाडं घेतली तर शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते आणि पन्नास घेतली तर १ टक्क्याच्याही खाली. म्हणून कारळ्याला किमान पन्नास झाडं, आणि प्रत्येक झाडाची सारखीच बोंडं. देखण्या झाडाची ओंजळभर आणि किरकोळ झाडाची चिमूटभर असं केलंत तर पन्नासाची दहा होतात.

---

कागलचा_शेंगवाला
५ नोव्हेंबर, दुपारी १.२०

सर, हे आमच्या आईला न शिकता ठावं हुतं. कारळं झोडपायच्या आधी ती सगळ्या कडंनं चालत जायची आणि प्रत्येक झाडाचं एक-दोन बोंड ओट्यात टाकायची. बियाचं तेवढंच. आम्ही म्हणायचो, चांगल्या झाडाचंच घे की. ती म्हणायची, सगळ्यांचं घ्यायचं असतं.

---

सातेरी
५ नोव्हेंबर, रात्री ९.००

ताई, मूळ बी वाढवायला एक युक्ती. एका पुडीची पन्नास-साठ झाडं जाळीच्या खोलीत लावायची आणि फुलं उमलली की सकाळी एका झाडाचं फूल दुसऱ्या झाडाच्या फुलावर हलकं घासायचं. उद्या दुसरी जोडी, परवा तिसरी. एक फूल आठवडाभर उमलत राहतं, त्यामुळे रोज थोडं करावं लागतं. कष्ट आहेत, पण बी त्या पुडीचंच राहतं. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्या गावचं बी त्याच गावात लावा, आसपास दुसरं कारळं नसेल तर माशी आपोआप तुमचं काम करेल.

---

नाचणीकाठ
५ नोव्हेंबर, रात्री ११.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत उतरवून घेतलं. वाटपाचा विचार रद्द. या आठवड्यात चंदगडला जाते.

---

नाचणीकाठ
१६ नोव्हेंबर (पुढचं वर्ष), रात्री ८.२०

वर्षभरानं धागा वर काढते आहे. विचारपूस करणाऱ्यांना निरोप देत राहिले, पण नीट लिहायचं राहून गेलं होतं.

यंदा शेताचे तीन भाग केले, चिठ्ठ्या टाकल्या. मागच्या वर्षी ज्या दोन कारळ्यांना मी "बुटकी" म्हणून लिहिलं होतं ती बुटकी नव्हतीच, वरच्या बांधालगत पडली होती एवढंच. सर, वही तुम्हाला आणून दाखवते. तीन फरक मात्र तिन्ही भागांत टिकले. गगनबावड्याकडची पुडी बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलते, एका आजऱ्याच्या पुडीत जांभळ्या खोडाची झाडं निम्म्याहून जास्त, आणि एकीचा दाणा खरोखर जड आहे. भुईमुगाच्या आठ पुड्यांतल्या दोन, नावं आणि गावं वेगळी असून, प्रत्येक मापात इतक्या सारख्या निघाल्या की मी दोन्ही घरांना जाऊन विचारलं. दोघांनीही बी मूळ गडहिंग्लजच्या आठवडी बाजारातून आणलं होतं. आता पुड्या सात.

काकूंच्या खलात भाजून-कुटून बघितलं. जड दाण्याच्या कारळ्याची चटणी सगळ्यांना आवडली, पण तिचा वास सगळ्यात चांगला नव्हता. वासाला राधानगरीची एक पुडी पुढे गेली. ती मापांत अगदी मधोमध आहे, तिच्याकडे मी वळूनही बघितलं नसतं.

आता त्या तीन पुड्या. गगनबावड्याच्या घरानं मूठभर बी आनंदानं दिलं. चंदगडच्या एका घरीही मिळालं. दुसऱ्या घरी गेले तर कडेला कारळं नव्हतं, सगळा ऊस. आजी म्हणाल्या, यंदा मुलानं कड ठेवली नाही. मी उठायला लागले तर त्यांनी फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. चटणीसाठी ठेवलेलं कारळं, दोन वर्षांपूर्वीचं, अजून न भाजलेलं. अर्धी वाटी त्यांनी ओंजळीत घातली आणि उरलेल्या अर्ध्या वाटीची चटणी करून मला भाकरीबरोबर वाढली.

त्यातले ६० दाणे कुंड्यांत लावले, तेवीस झाडं वाढली. बाकीचं बी जपून ठेवलं. गच्चीत जाळी बांधली आणि दसऱ्याच्या आधीपासून रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी फुलाला फूल लावत होते. काल बोंडं चोळली. हात थरथरत होते, मागची मच्छरदाणी डोक्यातून गेली नव्हती. दाणे निघाले. भरलेले, काळे. सगळ्या झाडांची सारखी बोंडं मिळून एक वाटी झाली.

---

हिशेबनीस
१६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

तेवीस झाडं म्हणजे सेहेचाळीस प्रती. शंभरात पाच असलेलं रूप हुकण्याची शक्यता सुमारे साडेनऊ टक्के. डब्यातलं उरलेलं बी पुढच्या वर्षी लावून तीस झाडं अजून करा आणि या वाटीत मिसळा. जुन्या बियाची उगवण दरवर्षी उतरते, थांबू नका.

---

पानाचा_अर्क
१६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

आणि प्रत्येक पुडीचा एक भाग राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे पाठवा, त्यांचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. नमुन्याला आयसी क्रमांक (देशी नमुन्याचा ओळखक्रमांक) मिळतो आणि दिल्लीच्या जनुकपेढीत बी उणे १८ अंशांवर राहतं. तुमच्या पुड्यांवरची माहिती तशीच्या तशी द्या.

---

कागलचा_शेंगवाला
१६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, पसऱ्याचं बी द्या मला, पाच गुंठं काढून ठेवलंय. पावसात मोड येतोय का न्हाई तेच बघायचंय. आणि त्या आजींच्या पुडीचं काय करणार?

---

नाचणीकाठ
१६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

दादा, पसऱ्या रविवारी घेऊन येते, मिरगाच्या आधी हातात असेल. आजींची वाटी चार भागांत केली आहे. एक माझ्या डब्यात, एक अकोल्याला, एक सातेरी दादांकडे. त्यांच्या पेट्यांच्या आसपास दुसरं कारळं कुणाचंच नाही. चौथा भाग आजींचा. त्यांच्या घराच्या मागं परसात ऊस पोचत नाही अशी एक पट्टी आहे, ती त्यांनी मला जाताना दाखवली होती. पुडीवर लिहिलं आहे: चंदगड, तांबडी जमीन, घरचं बी, सासूच्या वेळेपासून, चटणीच्या डब्यातून, झाडं तेवीस.